काटकोन तोंडाचा, मार्गाचा नाही

ट्रॅफिक सेपरेशन स्कीम (समुद्रात जहाजांच्या येण्या-जाण्यासाठी आखलेले वेगळे पट्टे) ओलांडताना प्रवाहाची भरपाई करून जीपीएसवरचा मार्ग काटकोनात ठेवा, असा सल्ला दिला जातो. ते चूक आहे. १९७२च्या कोलरेगमधला (समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला) नियम १० हेडिंग, म्हणजे बोटीचं तोंड, पट्ट्यातल्या वाहतुकीच्या दिशेला शक्य तितकं काटकोनात ठेवायला सांगतो. प्रवाहाने बोट तिरकी वाहत गेली तरी चालतं.

हिशेब करा: वेग ५ नॉट (ताशी ५ सागरी मैल), आडवा प्रवाह २ नॉट, पट्टा ३ सागरी मैल रुंद. तोंड काटकोनात ठेवलं तर ३६ मिनिटं लागतात. भरपाई करायला तोंड सुमारे २४ अंश वळवावं लागतं, पलीकडे जायचा वेग ४.६ नॉटवर येतो आणि जवळपास ३९ मिनिटं जातात. शिवाय मोठ्या जहाजाला तुमची बोट, आणि रात्री तिचे दिवे, तिरक्या कोनातून दिसतात. तुम्ही ओलांडताय की पट्ट्यातच शिरताय, हे त्याला कळत नाही. खरा धोका हाच.

आणखी एक गैरसमज म्हणजे पट्ट्यातल्या जहाजाला आपोआप अग्रहक्क असतो. तसं नाही, नियम १५ (दोन यांत्रिक जहाजं एकमेकांची वाट ओलांडत असतील, तर ज्याच्या उजवीकडे दुसरं आहे त्याने वाट द्यायची) तिथेही लागू असतो. मात्र २० मीटरपेक्षा लहान बोटीने किंवा शिडाच्या होडीने पट्ट्यातल्या यांत्रिक जहाजाच्या सुरक्षित वाटेत अडथळा आणायचा नाही. म्हणजे टक्कर होण्याचा प्रसंग येण्याआधीच, लवकर, जागा मोकळी करायची.