मदत हवी आहे: ॲडलेड ते कूबर पेडी, आईबाबांसोबत

जुलैमध्ये आईबाबा ॲडलेडला येताहेत. बाबांची हयात चंद्रपूरच्या कोळसा खाणीत गेली, त्यामुळे त्यांना दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी गावची ओपल या रत्नाची खाण आणि जमिनीखालची घरं बघायचीच आहेत. आईचं म्हणणं, "नोकरीभर खालीच होतात, आता झोपायलाही खालीच?"

जाताना स्टुअर्ट हायवे, साधारण 850 किलोमीटर, मुक्काम पोर्ट ऑगस्टाला. डांबरी रस्ता आहे, त्याची काळजी नाही. ग्लेंडॅम्बोनंतर सुमारे 250 किलोमीटर पेट्रोल मिळत नाही, तेही माहीत आहे. घोडं अडलंय ते परतीला. आधी विल्यम क्रीक, मग ऊडनाडाटा ट्रॅक या रस्त्याने मरी (Marree) गाव, असं यायचा विचार आहे. सगळा कच्चा रस्ता, आणि पाऊस पडला की बंदच करतात. भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर चालत नाही म्हणे. तिथे विमा चालेल अशी भाड्याची गाडी कोणी घेतली आहे का? फोर व्हील ड्राइव्ह लागतेच का? सॅटेलाइट फोन भाड्याने घ्यावा का?

शिवाय आईचे गुडघे दुखतात. कमी पायऱ्यांचं जमिनीखालचं हॉटेल कोणतं? आणि ती शुद्ध शाकाहारी. रोडहाउसला (हायवेवरचा पेट्रोल पंप आणि खानावळ) चिप्सशिवाय काही मिळतं, की कुकर सोबत घेऊ? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनीच सांगा, गूगल मॅप माझ्याकडेही आहे.