मदत हवी आहे: लेगोचं मॉडेल दुसऱ्या दांड्यावर जाताना पडतंय

सह्याद्री_गिअर
नमस्कार. उत्तर लवकर हवंय, रविवारी टीमला दाखवायचं आहे. आमच्या दांड्यांवर चढणाऱ्या रोबोचं लेगोचं मॉडेल खालच्या दांड्याला लटकतं, स्वतःला वर ओढतं, वरच्या दांड्याला हूकही अडकवतं. पण खालचा हूक सोडला की झोका घेतं आणि धाडकन पडतं. दहापैकी नऊ वेळा. मोटर बदलली, दोरा बदलला, हूकला रबर लावलं. काल रात्री दीड वाजेपर्यंत हेच चाललं होतं. काय चुकतंय?

वर्म_लावा
दोरा सुटत असणार. वर्म गिअर (स्क्रूसारखा असतो तो) आणि २४ दातांचा गिअर लावा. मोटर बंद पडली तरी मॉडेल जागचं हलत नाही. आमच्या शाळेच्या क्रेनमध्ये मी हेच केलं होतं.

टूलरूम
आधी हे सांगा: स्पर्धा कोणती, दांडे किती उंचीवर, मॉडेलचं वजन किती, हूक कसा सोडता? एक फोटो टाका. नुसतं "पडतंय" म्हणून कळणार नाही.

सह्याद्री_गिअर
एफटीसी, म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज, शाळकरी मुलांची रोबो स्पर्धा. खेळ २०२४-२५ चा, इन्टू द डीप. या सुट्टीत सरावासाठी घेतलाय. दांडे त्या खेळातलेच. दोरा सुटत नाही, ते बघितलंय.

टूलरूम
तो खेळ इथल्या प्रत्येकाने पाहिलेला नसतो, ताई. आकडे टाका.

सह्याद्री_गिअर
सॉरी काका. खालचा दांडा जमिनीपासून २० इंच, वरचा ३६ इंच. सुरुवातीला रोबो १८ इंचाच्या घनाकार खोक्यात मावला पाहिजे. खालच्या दांड्याला अधांतरी लटकलं तर १५ गुण, वरच्याला पूर्ण गेलं तर ३०. चढाई आम्ही शेवटच्या ३० सेकंदांत करणार. आम्ही सगळं एक-चतुर्थांश केलंय, म्हणजे दांडे साधारण १२.७ आणि २२.९ सेंमीवर. लेगोच्या ईव्ही३ या रोबो संचाची एक मोठी मोटर दोरा ओढते, दोन मध्यम मोटर हूक उघडतात. वजन किचनच्या काट्यावर ६४० ग्रॅम.

प्लायवूडवाला
खेळण्यावर वेळ का घालवताय? सहा मिलिमीटरचं प्लाय आणा, जिगसॉने कापा, खऱ्या मापाचा हात करा. लेगोचा ॲक्सल जोर आला की पिळवटतो. त्यावरून खऱ्या रोबोबद्दल काय कळणार? आम्ही कॉलेजात रोबोकॉनला, म्हणजे कॉलेजांच्या रोबो स्पर्धेला, पहिल्या दिवसापासून खऱ्या मापात करायचो.

वर्म_लावा
तुमच्याकडे वर्कशॉप होतं. यांच्याकडे बहुतेक डायनिंग टेबल आहे. लेगोत हाताची लांबी बदलायला दोन मिनिटं लागतात. पिना काढा, बीम आठ मिलिमीटरने सरकवा, परत लावा. प्लायमध्ये दर वेळी नवा तुकडा कापावा लागतो.

प्लायवूडवाला
मग पहिल्या दिवशी लेगो, दुसऱ्या दिवशी प्लाय. आठवडाभर लेगो नको, एवढंच माझं म्हणणं. २०१४ ची एबीयू रोबोकॉन पुण्यात झाली. त्यात लहान रोबोला सी-सॉ, खांबांवरून चालणं, झोपाळा आणि जंगल जिम अशी कामं होती. आम्ही कॉलेजची पोरं बघायला गेलो होतो. जंगल जिमवर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना संघ अडखळायचे. तिथे अंदाजपंचे चालत नाही.

टूलरूम
प्लायवूडवाले ताकदीबद्दल बरोबर बोलतायत, पण ताईंचा प्रश्न ताकदीचा नाही, हालचालीच्या क्रमाचा आहे. क्रम लेगोत छान कळतो. ताकद लेगोवरून काढू नका. खरा रोबो १२ किलोचा धरला तर चौथाई मापाचं मॉडेल ६४ पटींनी हलकं, म्हणजे १८७ ग्रॅम असायला हवं. तुमचं ६४०. पीळ, म्हणजे वजन गुणिले अंतर, २५६ पटींनी बदलतो. म्हणून इथल्या मोटरच्या जोरावर तिथली मोटर निवडू नका.

आता दोन गोष्टी करा. एक, शिवणाचा दोरा घ्या, टोकाला नट बांधा. झाला ओळंबा. मॉडेल फक्त वरच्या हूकने हाताच्या बोटाला लटकवा आणि ओळंबा हूकच्या टोकाशी धरा. मॉडेल फिरून ज्या कोनात थांबतं तो बघा. दांड्यावर आल्यावर ते त्याच कोनात जाणार. तेवढं फिरताना हूक निसटतो. दोन, ईव्ही३ चा ब्रिक, म्हणजे बॅटरीसकट कंट्रोलरचा डबा, कुठे बसवलाय?

सह्याद्री_गिअर
मागच्या बाजूला. तारा तिकडून सोप्या जातात.

टूलरूम
मला तीच शंका होती. मॉडेलमधला सगळ्यात जड भाग तोच.

अनन्या_ची_आई
माफ करा, विषय थोडा वेगळा आहे. आमच्या सहावीतल्या मुलीला ईव्ही३ घ्यायचा आहे. कुठे मिळेल? पुण्यात कुणाकडे वापरलेला असेल तर सांगा.

वर्म_लावा
ताई, कंपनीने तो २०२१ मध्येच बंद केला. त्याच्या जागी स्पाइक प्राइम आला. वापरलेला घेताना ब्रिकची चार्ज होणारी बॅटरी फुगलेली नाही ना, हे हात लावून पाहा.

कुळागर
मी रोबोतला नाही, गोव्यात माझी नारळाची बाग आहे. पण वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. माडावर चढायचं पायात अडकवायचं यंत्र तुम्ही पाहिलंय का? दोन भाग, एकेका पायाला एक, माडाभोवती तारेचा फास. एका भागावर वजन टाकलं की त्याचा फास आवळतो. दुसरा पाय मोकळा असला की त्याचा फास सैल होऊन वर सरकतो. आमचा पाडेली (नारळ पाडणारा) शिकवताना एकच गोष्ट परत परत सांगायचा: वरचा पाय पूर्ण दाबल्याशिवाय खालचा उचलायचा नाही. अंगाचं वजन आधी वर जायला हवं. तुमचं मॉडेल वजन खाली असतानाच खालचा हूक उघडतंय का?

सह्याद्री_गिअर
हो! आम्ही मोटरने हूक उघडतो तेव्हा वरच्या हूकचा दोरा ढिलाच असतो. हे डोक्यातच आलं नव्हतं.

टूलरूम
कुळागरवाल्यांनी नेमकं सांगितलं. वरचा दोरा आधी पाच मिलिमीटर ओढा. खालचा हूक मोकळा झाला की त्याला उघडायला मोटरच लागू नये. बागेच्या फाटकाची खिट्टी असते ना, खाली पडली की आपोआप अडकते, तसा एकतर्फी हूक करा. रबराने दाबलेला, खालून वर जाताना दांडा लागला की आत ढकलला जाणारा आणि दांडा पार झाला की परत उभा राहणारा. दोन मोटर वाचतात, वजन कमी होतं.

प्लायवूडवाला
एकतर्फी हूकची कल्पना मलाही आवडली. रबराऐवजी खऱ्या रोबोत स्प्रिंग लावा, रबर सुकून तुटतं.

वर्म_लावा
आणि वर्म लावाच. सामना संपला, मोटर बंद पडली की खाली घसरू नये.

टूलरूम
इथे मात्र वर्मची गरज नाही. मागे न फिरणारा वर्म म्हणजे निम्म्याहून जास्त जोर घर्षणात गेला. दोरा ओढणारी ईव्ही३ ची मोठी मोटर मिनिटाला १६०-१७० फेऱ्यांची, २४ ने भागली की सातच्या आसपास उरतात. खऱ्या सामन्यात ३० सेकंदांच्या चढाईत तो वेग महागात पडेल. गिअरच्या दातात रबराने दाबलेली कुत्री (एकाच बाजूला फिरू देणारी खिट्टी) टाका, म्हणजे झालं रॅचेट. चढताना टक टक, उतरताना अडकलेली.

सह्याद्री_गिअर
शनिवार रात्र. सगळं केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

ओळंब्याने बघितलं, मॉडेल जवळजवळ ३० अंश मागे झुकत होतं. ब्रिक काढून टेबलावर ठेवला आणि ५० सेंमीच्या वायरने जोडला. पण खऱ्या रोबोत बॅटरी अंगावरच असते, म्हणून जिथे ती बसवणार आहोत, अगदी हूकच्या खाली, तिथे डबीत लोखंडी नट भरून लावले. हूकच्या दोन्ही मोटर काढल्या. एकतर्फी हूक तिसऱ्या प्रयत्नात जमला. आधी रबर फार ताठ होतं, दांडा आत जातच नव्हता. भाजीच्या जुडीचं रबर वापरलं तेव्हा जमलं.

वरचा दोरा आधी ओढला, खालचा हूक अलगद सुटला, मॉडेल झोका न घेता वर गेलं. माझी बहीण उडी मारून ओरडली. दहापैकी आठ वेळा वरच्या दांड्याला लटकून राहिलं. दोनदा हूक दांड्यावर आडवा सरकला. रॅचेट अजून लावायचंय, मोटर थांबवली की आत्ता दोन सेंमी खाली येतं.

कुळागर काका, पाडेलीची ती गोष्ट उद्या टीमला सांगणार आहे. आडवा सरकणं थांबवायला हूकच्या आत काय लावू? रबरी नळी कापून चिकटवली तर दांड्याला धरेल का?

टूलरूम
धरेल. पण हूकच्या आतला पाया आधी सपाट करा, बीम दोन स्टड, म्हणजे १६ मिलिमीटर, रुंद. गोल पायावर नळी टिकत नाही. फोटो टाका हो, अजून एकही आला नाही.