अतिवृष्टीचे अनुदान: यादीत नाव आहे, खात्यावर रक्कम नाही

प्रश्न: आमच्या सोयाबीनचा पंचनामा झाला, यादीत विशिष्ट क्रमांकासह नाव आले आणि सेवा केंद्रावर अंगठा देऊन ई-केवायसीही पूर्ण केली, तरीही रक्कम जमा झालेली नाही. शेजारच्या गटांतील शेतकऱ्यांना ती मिळाली आहे. चौकशी कोठे करावी?

उत्तर १: प्रथम आधार कोणत्या बँक खात्याशी संलग्न आहे ते पाहावे, कारण ही रक्कम आपण पासबुकाची प्रत दिलेल्या खात्यावर येईलच असे नाही, ती आधारशी जोडलेल्या खात्यावर जमा होते. माझ्या वडिलांचे पैसे त्यांना विसर पडलेल्या एका जुन्या खात्यात सापडले.

उत्तर २: सातबारा सामाईक असल्यास इतर खातेदारांचे संमतिपत्र तलाठ्यांकडे द्यावे लागते. भावकीत वाद असेल, तर प्रकरण तेथेच अडकते.

उत्तर ३: रक्कम आल्यावर हिशोबही तपासावा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ या काळाच्या निकषांत, किमान ३३ टक्के नुकसान झाल्यास, जिरायतीसाठी हेक्टरी ८,५०० आणि बागायतीसाठी १७,००० रुपये आहेत. लागवडीचा खर्च पाहता हे तुटपुंजेच. बँकेने ती रक्कम कर्जात वळती केल्यास तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्यावी, कारण मदतीच्या शासन निर्णयांत अशा वसुलीस मनाई केलेली असते.