बेनामी, निनावी की बिनमागाचं? आणि कांद्याला पदर की पाकळ्या?

मूळ प्रश्न (सिडको, नाशिक)

सिडकोत माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे. ज्येष्ठ नागरिक आणि अकरावी-बारावीची मुलं यांच्यासाठी इंटरनेटवरच्या सावधगिरीची चार पानी पुस्तिका काढतोय. ओटीपी, बनावट लिंक, पासवर्ड अशी तीन पानं सुरळीत झाली. चौथ्या पानावर टॉर ब्राउझर (आपला ठावठिकाणा लपवून साइट पाहायचं सॉफ्टवेअर) आणि त्यातून उघडणारं डार्क वेब आलं, आणि गाडी अडली.

मी लिहिलं होतं, 'बेनामी ब्राउझिंग'. घरी वाचून दाखवलं. वडिलांचं आयुष्य सातबारे आणि फेरफार लिहिण्यात गेलं. ते चष्मा न काढताच म्हणाले, "बेनामी जमिनीला नाव असतंच रे. फक्त ते भलत्याचं असतं." पुढे मला वाचवेना.

तर 'अनॉनिमस'ला काय म्हणू? 'हिडन' आणि 'डार्क'ला काय? शिवाय टॉरचं बोधचिन्ह कांदा आहे, तंत्राचं नावही 'ओनियन राउटिंग'. नाशकात बसून कांद्याच्या थराला 'लेयर' लिहायची लाज वाटते.

गंगापूर रोडचे मुद्रितशोधक काका

वडिलांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी अर्ध काम केलंय.

'निनावी' म्हणजे ज्यावर नाव घातलेलं नाही. निनावी पत्र, निनावी अर्ज, निनावी फोन. शब्द चोख आहे, पण त्याला कागाळीचा वास आहे. कचेरीत निनावी अर्ज आला म्हटलं की कुणाच्या तरी मुळावर उठलेला असणार, असंच आपण धरून चालतो.

'अनामिक' त्याहून वेगळा. अनामिक ओढ, अनामिक भीती. तिथे नाव लपवलेलं नसतं, नाव देताच येत नसतं. म्हणून 'अनामिक ब्राउझिंग' वाचलं की मला कविता सुरू झाल्यासारखी वाटते. 'अज्ञात' पोलिसांचा: अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल. यात अज्ञान शोधणाऱ्याचं, त्या इसमाला स्वतःचं नाव पक्कं माहीत असतं. 'गुमनाम' म्हणजे नाव विस्मरणात गेलेला.

माझं मत 'निनावी'ला. वास धुऊन घ्या, शब्द ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता

काका, तुमच्या उत्तराने एक भलतंच कोडं सुटलं. मी व्हीपीएन (मधल्या कंपनीमार्फत इंटरनेट वापरायची सोय) आणि टॉर एकाच परिच्छेदात कोंबले होते. पण व्हीपीएन म्हणजे अगदी वडिलांची बेनामी जमीन! समोरच्या साइटला व्हीपीएन कंपनीचा पत्ता दिसतो, तुमचा नाही. खरा मालक कोण ते त्या कंपनीला मात्र ठाऊक असू शकतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नाव-पत्त्यासह माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, ते त्यामुळेच शक्य होतं. काही परदेशी कंपन्यांनी तेव्हा आपले सर्व्हर भारतातून हलवले.

म्हणजे व्हीपीएन बेनामी, टॉर निनावी. लिहून टाकू?

इंदिरानगरच्या ताई (नेटवर्कचं काम करते)

दादा, थांबा. पहिलं अर्ध सुंदर आहे, दुसरं चुकलं.

टॉर तुमचं *नाव* लपवत नाही, तुम्ही कुठून आलात ते लपवतं. टॉर उघडून स्वतःच्या फेसबुक खात्यात शिरलात तर तिथे तुम्ही नावानिशी हजर. आलात कुठून, तेवढं फेसबुकला कळणार नाही. फेसबुकने स्वतः २०१४ मध्ये टॉरवरचा आपला पत्ता सुरू केला. निनावीपणाच मुद्दा असता तर त्यांनी तो कशाला सुरू केला असता?

आमच्या वर्गात मी पाकिटांनी समजावते. समजा नाशिकरोडहून पुण्याला चिठ्ठी धाडायची आहे. ती एकात एक अशा तीन पाकिटांत घालायची. सर्वांत बाहेरचं पाकीट फक्त सिन्नरचा माणूस फोडू शकतो. आत लिहिलेलं, 'संगमनेरला द्या'. संगमनेरवाला दुसरं फोडतो, 'नारायणगावला द्या'. नारायणगावचा तिसरं फोडतो आणि चिठ्ठी पुण्याच्या पत्त्यावर टाकतो. सिन्नरवाल्याला तुम्ही माहीत, पण चिठ्ठी कुठे चाललीय ते नाही. नारायणगाववाल्याला पुण्याचा पत्ता माहीत, पण तुम्ही नाही. संगमनेरवाल्याला दोन्हीकडचं काही नाही. टॉरमध्ये साधारण असेच तीन टप्पे असतात, जगभरच्या स्वयंसेवकांच्या मशीनवर. त्यांना 'रिले' म्हणतात, आपण 'टप्पा' म्हणावं.

दोन गोष्टी पुस्तिकेत नक्की घाला. चिठ्ठी मुळातच उघडी असेल, म्हणजे साइटला एचटीटीपीएस (मजकूर सांकेतिक करून धाडायची सोय) नसेल, तर नारायणगाववाला ती वाचू शकतो. आणि तुमच्या इंटरनेट कंपनीला पुण्याचा पत्ता दिसत नाही, पण 'हा माणूस सिन्नरला पाकीट देतोय', म्हणजे टॉर वापरतोय, हे सहसा दिसतं.

आता शब्द. यासाठी आपल्याकडे जुनाच आहे: माग. माग काढणं, माग लागणं, मागमूस नसणं. टॉर माग पुसतं. पण 'माग न लागणारं' लिहू नका, तेवढी हमी कुणी देत नाही. 'माग काढणं अवघड करणारं ब्राउझर' लिहा.

मुद्रितशोधक काका

हार मान्य. 'माग'वरून मला 'बिनमागाचं' सुचलं आणि भावलंही होतं, पण ताईंची अट बरोबर आहे.

सिल्क रोड हा अमली पदार्थांचा बाजार टॉरवर २०११ ते २०१३ चालला. तो चालवणारा रॉस उल्ब्रिक्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक वाचनालयात पकडला गेला. तपासात तो सापडण्याचं एक मोठं कारण म्हणजे ज्या टोपणनावाने बाजाराची सुरुवातीची जाहिरात केली, त्याच टोपणनावाने दुसऱ्या एका ठिकाणी त्याने स्वतःच्या नावाचा ईमेल देऊन ठेवला होता. म्हणजे त्याला मागाने नव्हे, नावाने गाठलं. ताईंचा फरक इथे शब्दशः उतरतो.

मूळ प्रश्नकर्ता

वा. मग 'डार्क वेब'चं काय? मुलं 'काळं जाल' म्हणतात.

मुद्रितशोधक काका

मुळीच नको. मराठीत काळा पैसा, काळा बाजार, काळे धंदे. 'काळं' म्हटलं की निकाल आधीच लागतो. इथला 'डार्क' म्हणजे न दिसणारा, अंधारातला. बीबीसीने २०१९ मध्ये आपल्या बातम्या टॉरवर ठेवल्या, कारण काही देशांत त्यांची साइट अडवली जाते. त्याला 'काळं' म्हणणार?

'गुप्त' बरा. आपल्याला त्र्यंबकेश्वरमुळे तो अंगवळणी पडलाय: गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, गुप्त होते, गंगाद्वाराला पुन्हा दिसते. त्या 'गुप्त होते'त कुणाला गुन्हा दिसत नाही. पण 'गुप्तहेर', 'गुप्तधन' हेही त्याच घरातले, म्हणून पोरांच्या डोळ्यांत लगेच चमक येते.

जेल रोडची एक वाचक

मधे तोंड घालते. 'चोर-' कसं वाटतं? चोरखिसा, चोरकप्पा, चोरवाट, गडावरची चोरदिंडी. आजोबांच्या बंडीला आतून चोरखिसा होता. एसटीने गावी जाताना आजी पैसे त्यात ठेवायला लावायची. तो चोराचा खिसा नव्हता, चोराला न सापडणारा खिसा होता! चोरदिंडीतूनही चोर जात नसत, वेढ्यात अडकलेली गडावरची माणसं जात. मराठीने 'चोर' शब्दाला लपलेला असा अर्थ देऊन ठेवलाय आणि आपण तो विसरलो.

इंदिरानगरच्या ताई

अप्रतिम, पण छापू नका. 'चोरजाल' वाचून पालक मुलांचा क्लास बंद करतील. मथळ्यात 'डार्क वेब' ठेवा, पेपरातही तेच येतं. आत चोरखिशाचं उदाहरण द्या.

आणि 'डीप वेब' वेगळं काढा. गुगलला न सापडणारं सगळं डीप वेब: तुमच्या बँक खात्याचं पान, तुमचा ईमेल, कंपनीचं अंतर्गत पोर्टल. त्याला 'दाराआडचं' म्हणा. रोज शंभर वेळा आपण तिथे जातो. डार्क वेब त्यातला छोटा कोपरा, जिथे जायला टॉरसारखं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तिथले पत्ते 'डॉट ओनियन'ने संपतात आणि त्याआधी ५६ अक्षर-अंकांची माळ असते. ती कुणी नोंदवून दिलेली नसते, साइटच्या स्वतःच्या सांकेतिक किल्लीतूनच तयार होते. म्हणून पाठ होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीलाही मुलं 'डार्क मोड' म्हणतात, तो गोंधळ मी वर्गातच निस्तरीन. ती फक्त तुमच्या मशीनवर पाहिलेल्या पानांची नोंद ठेवत नाही, बाहेर सगळं पूर्वीसारखंच दिसतं.

कांदा राहिला.

निफाडकडचा कांदा उत्पादक

याची वाट पाहत होतो. तुमची चर्चा लासलगावला ट्रॅक्टरच्या रांगेत बसून वाचली.

वरच्या वाळक्या सालीला आम्ही पत्ती म्हणतो. डबल पत्तीचा कांदा म्हणजे टिकाऊ, चाळीत बरा राहतो. पत्ती सुटली की भाव पडला. तेव्हा तुमच्या लेयरला 'पत्ती' लिहू नका, आमच्याकडे तो मालाचा दर्जा आहे. आतल्या मांसल थरांना घरी बायका पदर किंवा पापुद्रे म्हणतात. 'पाकळ्या'ही ऐकलंय, भज्यांचा कांदा सुटा केला की.

इंदिरानगरच्या ताई

'पाकळी' चालणार नाही, आणि कारण मजेशीर आहे. टॉरचा एक भाऊबंद आहे, आयटूपी. त्याच्या तंत्राला 'गार्लिक राउटिंग' म्हणतात! तिथे अनेक निरोप एकाच गठ्ठ्यात बांधून धाडता येतात, आणि त्या एकेका निरोपाला इंग्रजीत लसणाचीच पाकळी म्हणतात.

मूळ प्रश्नकर्ता

म्हणजे अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने नव्वदच्या दशकात कांदा लावला आणि मागून कुणी लसूण. फोडणीची तयारी झाली.

निफाडकडचा कांदा उत्पादक

मग सोपं आहे. लसणाच्या पाकळ्या शेजारी शेजारी असतात, एक काढली तरी बाकीच्या जागेवर. कांद्याचे पदर एकात एक, वरचा काढल्याशिवाय आतला हाती लागत नाही. ताईंची पाकिटं तशीच आहेत ना?

मूळ प्रश्नकर्ता

तशीच. पुस्तिकेत गेलेलं वाक्य: 'टॉर तुमच्या निरोपावर कांद्यासारखे पदर चढवतं, प्रत्येक टप्प्यावर एक पदर उतरतो आणि तुमचा माग काढणं अवघड होतं.' वडिलांनी वाचलं, मान डोलावली, आणि विचारलं, "कांदा कितीने गेला आज?"

निफाडकडचा कांदा उत्पादक

अजून नंबर नाही आला. रांगेतच आहे.