शब्दचर्चा : ‘साधकबाधक’ म्हणजे फायदे-तोटेच का?

भाचीला अकरावीच्या प्रकल्पात विषय आला : ‘बीटी वांगे – साधकबाधक चर्चा करा.’ (बीटी वांगं म्हणजे अळी लागू नये म्हणून जिवाणूचा जनुक घातलेलं वांगं.) तिने पानाच्या मधोमध पट्टीने रेघ ओढली. डावीकडे ‘साधक (फायदे)’, उजवीकडे ‘बाधक (तोटे)’. दोन्हीकडे पाच-पाच मुद्दे. मला दाखवून म्हणाली, “मामा, समान झालेत ना?”

समान झाले होते खरे. पण डावीकडे तिसरा मुद्दा ‘माणसाला अपाय नाही’ आणि त्याच्या बरोबर समोर ‘माणसाला अपाय होऊ शकतो’. दोघं आपापल्या रकान्यात गुण्यागोविंदाने नांदत होते. ‘फवारणी वाचते’ हा फायदा झाला, समजलं. पण ‘अपाय नाही’ हा फायदा आहे की दावा?

माझी समजूत अशी की ‘साधक’ म्हणजे एखादं विधान सिद्ध करणारं, ‘बाधक’ म्हणजे त्याला बाध आणणारं. न्यायशास्त्रात (म्हणजे कायद्याच्या नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्रात) एक उदाहरण आहे : ‘अग्नी उष्ण नसतो, कारण तो द्रव्य आहे.’ विस्तवाला हात लावला की हे विधान बाधित होतं. त्या स्पर्शातून जे कळलं ते बाधक, भाजलेला हात हा तोटा. दोन्ही एका रकान्यात कसे घालायचे?

जाणकारांनी सांगावं. वर्तमानपत्रांत तर सर्रास ‘साधकबाधक परिणाम’ असं वाचतो.

प्रतिसाद

न्यायशास्त्राशी भांडण नाही, पण मराठी माणूस ‘बाधक’ तिथून शिकत नाही. तो स्वयंपाकघरात शिकतो. रात्रीचं दही बाधतं, विषबाधा होते, भूतबाधा होते, जागरण प्रकृतीला बाधक असतं. ‘बाध’ म्हटलं की आपल्याला आधी इजाच आठवते. तेव्हा ‘बाधक = तोटे’ लिहिणारी मुलगी भाषेच्या दृष्टीने चुकलेली नाही. चूक झालीच असेल तर ‘साधक = फायदे’ म्हणण्यात, कारण साधक एकट्याने आला की आपल्याला जपमाळ घेतलेला माणूसच दिसतो.

अवांतर : चातुर्मासात वांगं वर्ज्य करून चंपाषष्ठीला भरीत-रोडग्यावर ताव मारणाऱ्या समाजाला वांग्याची साधकबाधक चर्चा नवी नाही.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. पण साधक-बाधकाच्या आधीच एक शब्द निकाल देऊन बसलाय, त्याकडे कोणी बघत नाही. बीटी वांग्याला सर्रास म्हणतात तो : ‘जनुकीय सुधारित’.

आमच्या वऱ्हाडात ‘सुधारित वाण’ हा बियाण्याच्या पिशवीवरचा शब्द. सुधारित म्हणजे निवड करकरून चांगला काढलेला, संकरित म्हणजे दोन वाणांचा संकर. बीटी वांग्यात मातीतल्या एका जिवाणूचा जनुक घातलाय. तो नुसता ‘बदल’ आहे. तो चांगला की वाईट यावर तर सगळा वाद. मग नावातच ‘सुधारणा’ घालून चर्चेला बसायचं म्हणजे पंचाने नाणेफेकीआधीच एका संघाची टोपी घालण्यासारखं. ‘पारजनुकीय’ (दुसऱ्या जिवाचा जनुक घातलेलं) हा शब्द कोरडा आहे, म्हणूनच बरा. विरोधक ‘विषारी वांगं’ म्हणतात, तेही तसंच. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला ते विषारी आहे हे खरं, पण माणसासाठी तोच शब्द वापरला की पुरावा न देता मुद्दा जिंकला.

बाजारात वांगं घेताना बायका ते उलटंपालटं करून बघतात ना, ते या अळीचं भोक शोधतात. वरून चकचकीत, चिरलं की आत काळं. शेतात आधी शेंडा माना टाकतो, ते दिसेपर्यंत अळी आत बसलेली असते, वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा फवारायचं. ज्याने पाठीवर पंप घेतलाय त्याला ‘फवारणी वाचते’ हा पाचातला एक मुद्दा वाटत नाही.

आणि आमच्याकडचा एक शब्द : ‘चोरबीटी’. तणनाशकाला दाद न देणाऱ्या विनापरवाना कपाशीला लोक असंच म्हणतात. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ती उघडपणे पेरली, तेव्हा पेरणाऱ्यांनी त्याला सविनय कायदेभंग म्हटलं. बियाणं एकच, एका शब्दात चोरी, दुसऱ्यात मिठाचा सत्याग्रह.

प्रतिसाद

शब्दांचंच चाललंय तर आणखी दोन.

जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या या वांग्याला केंद्राच्या समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी हिरवा कंदील दाखवला. मग तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात आपलं नागपूरही होतं. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी जाहीर केली ती ‘स्थगिती’. लोकांच्या तोंडी मात्र ‘बंदी’ झाली. स्थगिती म्हणजे पुरावा अपुरा आहे, थांबा. बंदी म्हणजे पुरावा पुरेसा आहे आणि तो विरुद्ध आहे. भाचीने कुठला शब्द लिहिलाय ते बघा, त्यावरून तिला प्रकरण किती कळलंय ते कळेल.

दुसरं, त्या समितीच्या नावात आधी ‘मंजुरी’ होती, २०१० मध्ये तिथे ‘मूल्यांकन’ आलं. मंजुरी समितीकडे साधकबाधक विचाराची अपेक्षा ठेवणं जरा अवघडच होतं म्हणा!

प्रतिसाद

+१. हे असले सूक्ष्म भेद म्हणजे काथ्याकूट आहे असं म्हणणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. मी वेंगुर्ल्याचा. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने कुजत घालतात, मग ती मोगरीने कुटतात. वास सहन होत नाही, हाताला फोड येतात. पण शेवटी त्यातून काथ्या निघतो, त्याचा सुंभ वळतात आणि त्याच्यावर होडी बांधून ठेवतात. निष्फळ चर्चेला ‘काथ्याकूट’ म्हणणाऱ्याने काथ्या कधी कुटलेला नसावा.

प्रतिसाद

मूळ प्रश्नाकडे येतो. धागाकर्त्यांना हवा असलेला शब्द ‘ऊहापोह’ आहे. ऊह म्हणजे तर्काने मुद्दा उभा करणं, अपोह म्हणजे तर्कानेच तो दूर सारणं. (पहिला ‘ऊ’ दीर्घ. ‘उहापोह’ दिसला की दातात खडा आल्यासारखं होतं.) यात फायदा-तोट्याचा वासही नाही.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते कळावं म्हणून चालतो तो वाद. जिंकायचंच म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त मोडायची, ती वितंडा. मराठीत गंमत झाली. ‘वाद’ भांडणावर घसरला, ‘वितंडवाद’ निरर्थक हुज्जतीवर, आणि जल्प विस्मरणात गेला होता तो आंतरजालावरच्या ‘जल्पका’च्या (ट्रोलच्या) रूपाने परत आला. म्हणजे तिघांतला जो चांगला होता त्याचंच नाव आपण बिघडवलं. शाळेतली ‘वादविवाद’ स्पर्धा घ्या, बाजू चिठ्ठी काढून मिळते आणि बक्षीस जिंकणाऱ्याला. शुद्ध जल्प!

एक शंका वरच्या पारजनुकीयवाल्या सरांना : बांगलादेशात शेतकरी २०१४ पासून हे वांगं लावतायत. मग २०१० मधले साधक-बाधक मुद्दे आजच्या प्रकल्पात तसेच उतरवून कसे चालतील?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ‘बाधक’ला दही आणि विषबाधा चिकटलेली आहे हे मान्य, तिथे मी माघार घेतो. शब्द बदला म्हणून मुलांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण रेघ चुकलीच होती, यावर मी ठाम आहे.

काल भाचीबरोबर पुन्हा बसलो. ‘अपाय’ची दोन वाक्यं काढून एकच प्रश्न केला, त्याच्याखाली दोन्हीकडचा पुरावा आणि पुराव्यापुढे साल. फायदे-तोटे वेगळ्या पानावर गेले. तिथे तिनेच एक रकाना वाढवला : ‘कोणाचा?’ फवारणी वाचली तर शेतकऱ्याची, बियाण्याचा खर्च वाढला तर तोही शेतकऱ्याचा, बिनअळीचं वांगं मिळालं तर आपलं.

मग पाच-पाचाचा हिशेब राहिलाच. मी तिला ‘तारतम्य’ शब्द फोडून दाखवला : ‘तर’ आणि ‘तम’, लघुतर-लघुतम मधले. मुद्दे मोजायचे नाहीत, कुठला कुठल्याहून जड ते ठरवायचं. तिने विचारलं, “पण मामा, गुण तर मुद्द्याला एक असेच आहेत ना?”

याला उत्तर असेल तर लिहा. सोमवारी वही द्यायची आहे.