वॉटर-बॉर्नच्या शेवटी ‘ई’ का असतो?

उपकेंद्रातली ताई:
मी आरोग्यसेविका. बारा वर्षं फलकावर ‘जलजन्य’, ‘कीटकजन्य’ लिहीत आलेय. परवा इंग्रजी प्रशिक्षण पुस्तिका आली, त्यात वॉटर-बॉर्न, व्हेक्टर-बॉर्न. बॉर्न म्हणजे जन्मलेला, तेच मुलीला सांगितलं. ती नववीत आहे. तिने शब्दावर बोट ठेवलं, “आई, इथे शेवटी ई आहे. ‘आय वॉज बॉर्न’मध्ये नसतो.” उच्चार तर एकच, मग हा ई कशाला?

निवृत्त मास्तर:
ताई, मुलीची नजर पक्की आहे. दोन्ही रूपं ‘बेअर’ या एकाच क्रियापदाची. मूळ अर्थ वाहणं. आई नऊ महिने बाळ वाहते, त्यातूनच जन्माचा अर्थ आला. पुढे इंग्रजीने वाटणी केली. ‘जन्मला’ म्हणायचं तर ई नाही, बाकी बहुतेक ठिकाणी ई. वॉटर-बॉर्न म्हणजे पाण्याने वाहून आणलेला, म्हणून तिथे ई. ‘द कॉस्ट वॉज बॉर्न बाय द कंपनी’, म्हणजे खर्च कंपनीने सोसला, इथे ई हवाच. ‘शी हॅज बॉर्न थ्री चिल्ड्रन’ इथेही हवा, कारण वाक्य आईचं आहे, बाळाचं नाही.

संस्कृतातला भृ धातू याचाच भाऊबंद. त्याच्यापासून भार, आणि आपला कडब्याचा भाराही. इंग्रजीने तो संस्कृतातून उचललेला नाही, दोघींची आजी एक. संस्कृत, ग्रीक, लॅटिनचं हे नातं विल्यम जोन्सने १७८६ साली कोलकात्यात मांडलं होतं. संस्कृतातल्या भ च्या जागी इंग्रजीत ब, लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला फ : भ्राता, ब्रदर, फ्रातेर. तसंच भृ, बेअर, फेर्रे. तुम्ही पेशंट ‘रेफर’ करता ना? त्यातला ‘फर’ हाच.

शब्दवेडी:
अस्वलाचा बेअर मात्र निराळा, या क्रियापदाशी त्याचा संबंध नाही. आणि ‘बेअर विथ मी’ म्हणजे जरा कळ काढा.

उपकेंद्रातली ताई:
मास्तर, आता उलगडलं. गृहभेटीत बायका विचारतात, साचलेल्या पाण्यात मलेरिया तयार होतो का? तयार होतो तो डास. त्याची मादी एकाच्या रक्तातून परजीवी उचलते आणि दुसऱ्याच्या रक्तात सोडते. ‘कीटकजन्य’ शासनाचा शब्द आहे, तो फलकावर राहील. त्याखाली आज खडूने लिहिलं, ‘डासाने वाहून आणलेला’. मुलीने वहीत डोक्यावर भारा घेतलेली बाई काढलीय, खाली ईसकट स्पेलिंग.