नोटिशीतला ‘व्हेकेट’

सेक्रेटरी काका, ए-३०१: सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ३९ फुटांवर आलंय, कोयनेतनं विसर्ग वाढवलाय. सोसायटीच्या गेटवर नोटीस लावलीय, तीच इथं ग्रुपवर देतो. ‘ऑल ग्राउंड फ्लोअर ऑक्युपंट्स शॅल व्हेकेट द प्रिमायसेस बाय सिक्स पीएम टुमॉरो.’

वहिनी, बी-००२: काका, आमचं काही चुकलं का? भाडं तर पाच तारखेलाच दिलंय. ह्यांनी फाईलमधनं अ‍ॅग्रीमेंट काढून बघितलं, तिसऱ्या पानावर हाच ‘व्हेकेट’ शब्द आहे. अकरा महिने संपायला अजून चार महिने आहेत. उद्या संध्याकाळी लेकरं घेऊन कुठं जायचं आम्ही?

सेक्रेटरी काका: अहो वहिनी, तुम्हाला कोण घालवतंय! पाण्यासाठी लिहिलंय ते. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. २०१९ ला ५७ फुटांवर गेलं तेव्हा मारुती चौकात होड्या फिरत होत्या. तेवढं होईपर्यंत थांबायचं नाही, एवढंच म्हणणं आहे.

बाई, ए-१०४: वहिनी, आधी निर्धास्त व्हा आणि चहा घ्या. तुमची चूक नाही. तुम्ही शब्द बरोबर वाचलात, नोटिशीतच चुकीचा पडलाय. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळं गप्प बसवत नाही, थोडं लांबण लागेल.

व्हेकेट म्हणजे जागेवरचा ताबा सोडणं. लॉजची खोली बारा वाजता व्हेकेट करायची, एसटीत रिझर्व्हेशनवाला आला की सीट व्हेकेट करायची. त्याचं सगळं लक्ष जागेकडं. जागा मोकळी झाली की त्याचं काम झालं, उठलेला माणूस पुढं कुठं गेला याची त्याला पर्वा नाही. म्हणून भाडेकराराला तो शब्द शोभतो आणि म्हणूनच वहिनींच्या काळजात धस्स झालं.

इथं हवा होता इव्हॅक्युएट. दोघंही लॅटिनमधल्या ‘रिकामं’ या अर्थाच्या शब्दाच्या घरातले, व्हेकन्ट, व्हेकेशन, व्हॅक्यूम ही त्यांची भावंडं. पण इव्हॅक्युएटमध्ये आग, पूर, बॉम्ब असा धोका धरलेला असतो. आणि तो माणसांनाही लावता येतो. इमारत इव्हॅक्युएट केली म्हणता येतं, लोकांना इव्हॅक्युएट केलं असंही म्हणता येतं. ‘लोकांना व्हेकेट केलं’ मात्र चालत नाही. मराठीत आपण हे न शिकता पाळतो, खोली रिकामी करतो आणि माणसं हलवतो.

१९३९ च्या सप्टेंबरात ब्रिटननं लंडनसारख्या शहरांतनं मुलं खेड्यापाड्यात हलवली. आयांना वगैरे धरून काही दिवसांत साधारण १५ लाख माणसं. मुलांच्या कोटाला नावाची चिठ्ठी बांधलेली, खांद्याला गॅस मास्कचा खोका. त्यांना इव्हॅक्युई म्हणत. धोका टळला की परत घरी. तुमचंही तसंच, वहिनी.

वकील, सी-२०२: बाई, शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. आपल्याकडं इव्हॅक्युई प्रॉपर्टीचा १९५० चा कायदा होता. फाळणीत पाकिस्तानात गेलेल्यांना त्यात इव्हॅक्युई म्हटलंय, आणि त्यांची घरं-जमिनी कस्टोडियनच्या, म्हणजे सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात जायच्या. तो कायदा २००५ मध्ये रद्द झाला. म्हणजे माणूस तोच शब्द घेऊन गेला, पण घर राहिलं नाही. आणि कोर्टात स्टे व्हेकेट झाला म्हणजे स्थगिती उठली, तिथं तर जागाही नाही.

बाई: मान्य. मी घाईत जास्त बोलले. परत यायचं हे त्या शब्दात बसलेलं नाही, ते आपणच लिहायला पाहिजे. वकीलसाहेब, हे बरं झालं तुम्ही सांगितलं.

दादा, ए-२०३: मग ‘शिफ्ट’ लिहू या की सरळ. सगळ्यांना कळतं.

बाई: कळतं, पण आपल्याकडं शिफ्टिंग म्हटलं की टेम्पो आणि पॅकिंगचे खोके डोळ्यासमोर येतात. घर बदलायला इंग्लंडात ‘मूव्ह’ म्हणतात, त्या अर्थानं शिफ्ट आपणच रुळवलाय. वहिनी पुन्हा घाबरतील.

आजोबा, सी-००१: स्थलांतर लिहा. सरकारी कागदात तेच असतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटातल्या लोकांचं दरवेळी ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर’च होतंय.

बाई: आजोबा, ‘सुरक्षित स्थळी’ जोडलं तर चालेल. नुसतं स्थलांतर फार मोठं आहे, बीडहून ऊसतोडीला येतात तेही स्थलांतरच. फक्त कुणी विस्थापित लिहू नका. इंग्रजीत डिस्प्लेस्ड म्हणतात तो. माझ्या आईचं माहेर कोयनेच्या जलाशयाखाली गेलं, ती विस्थापित. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ती तिकडं बघत बसायची. परत जायची तारीख तिला कुणी दिलीच नाही.

सेक्रेटरी काका: बाई, तुम्हीच लिहून द्या. इंग्रजी काढून टाकतो.

बाई: हे लावा.
‘कृष्णेचं पाणी वाढत आहे. तळमजल्यावरच्या चारही घरांतल्या सर्वांनी उद्या संध्याकाळी ६ पर्यंत वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे राहायला जावं. सामान वर न्यायला मुलं येतील. भाडेकरू असो वा मालक, घर तुमचंच आहे. पाणी ओसरलं आणि वायरमननं मीटर तपासले की लगेच परत यायचं. किल्ली स्वतःजवळच ठेवावी.’

वकील: किल्लीचं वाक्य फार छान. व्हेकेटमध्ये पहिली किल्लीच द्यावी लागते.

वहिनी: वाचलं बाई. आता बरं वाटलं. ह्यांनी अ‍ॅग्रीमेंट परत फाईलमध्ये ठेवलं. आम्ही तुमच्याकडंच येऊ का वर?

बाई: विचारायचं काय त्यात! पुढची खोली तुमचीच. गाद्या आहेत, तांदूळ-डाळ तेवढी वर आणा, भिजली तर वाया जाईल.

दादा: वहिनी, फ्रीजला आम्ही चौघं येतो सकाळी नऊला. आतलं रिकामं करून ठेवा.